शुक्रवार पेठ

आमच्या गावात शुक्रवार ही पेठ आहे.
मंगळवार, शनिवार, तशीच.
तिथं माझी मावशी राहते.
काळा शुक्रवार म्हटल्यावर मला आधी
तिच्या बोळातले गेलेले दिवेच आठवले.

जून संपत आलेला. अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
म्याकल सुपरवायझर म्हणाले, डबल पाळी.
नोव्हेंबरच्या शुक्रवारचा माल
ऑगस्टात बोटीवर चढला पाहिजे.
"कुठला शुक्रवार?" अंबव्वानं विचारलं,
कापूस बसलेल्या भुवया वर करून.

ते मोबाईलमध्ये बघत सांगू लागले:
अमेरिकेत सणाचा दुसरा दिवस.
फिलाडेल्फिया म्हणून गाव आहे, तिथं इतकी गर्दी
की चौकातल्या पोलिसांनीच वैतागून काळा म्हटलं.
दुकानदारांना नाव आवडेना. मग आवडलं.
मग विलायतेत गेलं, जिथं तो सणच नाही.
दुबईकडं शुक्रवारला काळं कसं म्हणायचं,
म्हणून पांढरा केला.
"म्हणजे रंगाई की," अंबव्वा म्हणाली.
"पक्की का कच्ची?"

आमच्याकडं सेल आषाढात लागायचा.
लग्नं नाहीत, मुहूर्त नाही, गिऱ्हाईक नाही,
नवी पेठेतले शेठ स्वतः पायरीवर यायचे.
आई दोन साड्या आणायची, एक परत करायला.
त्या सवलतीला कारण होतं,
पंचांगात बघता यायचं.

माझं काम तिकिटं लावायचं.
तिकिटं तिकडूनच छापून आलेली:
वर चोवीस डॉलर, त्यावर लाल रेघ,
खाली नऊ.
मी विचारलं, चोवीसला कुणी घेतला होता?
म्याकल म्हणाले, पोरी, गठ्ठे मोज.
मोजले.
टॉवेल अजून मागावरून उतरून गार झाला नव्हता
आणि स्वस्त झाला होता.

आता नोव्हेंबर. कन्ना चौकात
रेडीमेडवाल्यानं फ्लेक्स लावलाय,
ब्लॅक फ्राय डे, सत्तर टक्के.
फ्राय वेगळं, डे वेगळं.
दोघंजण शेजारच्या चिकनवाल्याकडं विचारून गेले.

अंबव्वाला घेऊन गेले होते.
तिनं तिकीट पाहिलंच नाही.
टॉवेल उलटा केला, किनार चिमटीत धरली,
नखानं एक फासा ओढला.
सुटून आला.
"पाचशेचा दीडशेला, मावशी," पोरगा म्हणाला.
"पाचशेला कुठल्या वारी होता?"
तो हसला. त्याला तरी काय माहीत,
फ्लेक्स आणि माल एकाच टेम्पोतनं आलेले.

येताना शुक्रवार पेठेतून आलो.
दिवे होते.