वडील

एकोणिसाव्या वर्षी मी एल्डर झालो.
आई शेजारणीला मावचीत समजावायची,
आमच्या पोराला तिकडे वडील म्हणतात.
मला तेव्हा मिशीही धड फुटली नव्हती.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, टाय,
खिशावर काळी पाटी: एल्डर गावित.
विशाखापट्टणमच्या उन्हात दोन वर्षं
स्टोडार्डच्या सायकलीमागे माझी सायकल.
तो आयडाहोचा, बटाट्याच्या शेतातला.
तुमच्याकडे काय पिकतं, त्यानं विचारलं.
म्हटलं, भात, तूर आणि कोंबड्या.
कोंबड्या पिकतात, असं त्यानं वहीत लिहून घेतलं.

दारोदार पहिलं वाक्य ठरलेलं,
आणि दुसरं, चहा नको.
लोकांना देव नको असला तरी आम्हाला राग यायचा नाही,
चहा नको म्हटल्यावर त्यांना मात्र यायचा.

घरी फोन वर्षातून दोनदा.
एक नाताळात, एक मे महिन्यात, आईच्या दिवशी,
असा दिवस असतो हे आईला तोवर ठाऊक नव्हतं.
त्या फेब्रुवारीत नवापुरात कोंबड्यांना रोग आला.
पांढऱ्या पोशाखातली, चेहरे नसलेली माणसं शेडमध्ये शिरली.
साडेतीन हजार पक्षी खड्ड्यात,
वर चुना.
आई मे महिन्यात म्हणाली, सगळं बरं आहे.
मी म्हटलं, मग मागे इतकं शांत का?

स्टोडार्ड घड्याळ धरून बसला होता.
वेळ संपली, तरी काही बोलला नाही.

मी तिकडे वडील,
आणि वडील इकडे खड्ड्याच्या काठावर एकटे.
ते पुन्हा त्या शेडमध्ये गेले नाहीत.
पुढे तिथे आम्ही सरपण ठेवलं.

आता सगळं सैल झालंय.
रविवारची तीन तासांची सभा दोनवर आली.
मॉर्मन म्हणू नका, म्हणतात,
पूर्ण नाव घ्या. ते एका दमात होत नाही.
भर बाजारात माणसं थांबवून मी सांगायचो,
मॉर्मन, साहेब, मॉरिशस नव्हे.
तो शब्द आता चार आण्यांसारखा,
खोटा नाही, चालत नाही.

आणि फोन, दर आठवड्याला.
तसं पत्रच आलं होतं. मी चार वेळा वाचलं.
घरच्यांशी नातं घट्ट राहावं, असं लिहिलं होतं.
बरोबरच आहे.
पाचव्यांदा वाचलं,
आमच्या वेळचं काही लिहिलंय का ते बघायला.

माझी भाची सुवार्ता, सिस्टर वळवी,
सध्या चेन्नईच्या पलीकडे कुठेतरी.
सोमवारी सकाळी आई मोबाइल उशीला टेकवते
आणि तिला भात दाखवायला लावते, किती वाढलाय ते.
पोरगी काळी पडली म्हणते. टाय नाही का, विचारते.
आईला हे सगळं फार आवडतं.
एकदाच म्हणाली, तुझ्या वेळी असं असतं तर,
आणि मटार सोलत बसली.

आजचा फोन मला स्टेशनात आला.
आमच्या स्टेशनावरचं बाकडं
अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत,
मधून रंगाची रेघ.
मी अलीकडच्या बाजूला, हातात कटिंग.
आठ वर्षं झाली पितोय.
कुणी सोड म्हटलं नाही, कुणी धर म्हटलं नाही,
सर्वात जवळची सभा रात्रभराच्या गाडीवर आहे.

स्क्रीनवर तिचा चेहरा आला, छातीवर तीच काळी पाटी,
तेव्हा मी कप हळूच गुजरातेत सरकवला.

मामा, काय पिताय?
काही नाही गं. बसलोय.

तिनं मान डोलावली.
वाफ दिसली असेल, नसेल.
तिच्या मागे, तिकडच्या कुठल्या तरी परसात,
कोंबडा आरवला.