पाणसोट

कलमा बांधणारा माणूस मी.
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवायचा,
पट्टी गुंडाळायची, एकविसाव्या दिवशी सोडायची.
वाढ म्हणजे काय
ते मला कुणी शिकवू नये, असं वाटायचं.

दुर्पताच्या छातीत ज्वारीचा दाणा लागला
तेव्हा ती रोपांच्या पिशव्या भरत होती.
बोलली नाही.
दाण्याचं बोर झालं, तेव्हा बोलली.
मी शर्ट वर करून पाठ दाखवली:
वीस वर्षांची माझी गाठ, लिंबाएवढी,
नातू दाबतात आणि तोंडानं हॉर्न वाजवतात.
"हे पाय, मले काई झालं काय?"

तालुक्याची डॉक्टरीण पोरसवदा.
तिनं दोन्ही गाठी बोटांनी वाचल्या.
माझी सरकली.
दुर्पताची जागची हलली नाही.
लहान-मोठी पाहू नका काका, म्हणाली,
तुमची आपल्या पिशवीत राहते, शेजाऱ्याला ढकलते फक्त.
ही बांध फोडणारी असू शकते.

चिठ्ठीच्या पाठीवर तिनं पेशी काढल्या,
ओळीत, एकसारख्या.
प्रत्येकीला थांबायचं कळतं,
वेळ झाली की मरायचंही.
एखादी विसरते.
ती एक तिनं गिरवली, कागद फाटेपर्यंत.

पाणसोट, मी म्हटलं.
काय?
सरळ उभा सुटतो, हिरवागार, काटेरी,
फळ धरत नाही, झाडाचं पाणी पितो.
जवळजवळ, ती म्हणाली.
पण पाणसोट उडून
दुसऱ्या फांदीवर जाऊन रुजत नाही ना?

तुकडा बाटलीतून अमरावतीला गेला.
बारा दिवसांनी कागद आला: कार्सिनोमा.
अस्तरातून, ग्रंथीतून उगवते तिचं हे नाव.
हाडा-मांसातून उगवली असती तर सार्कोमा.
रक्तातल्या रोगाला बहुधा गाठच नसते.
आणि ही उद्या हाडात गेली, फुप्फुसात गेली,
तरी नाव छातीचंच राहील.

इतक्या दिवसांत दुर्पता पहिल्यांदा हसली.
"म्हंजे मायासारखंच.
चाळीस वर्सं झाले सासरी,
अजून मले लोणीवालीच म्हंतात."

ग्रेड दोन.
मूळ पेशीशी अर्धीमुर्धी ओळख उरलेली.
कुठवर पोचली ते वेगळं मोजतात,
नागपूरला, सोमवारी.

बसमध्ये तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला,
शर्टावरून गाठ चाचपली.
"तुमची राहू द्या. साधी हाय बिचारी."
मग खिडकीबाहेर पाहत राहिली.
"त्या बागेत पाणसोट लय माजले.
कोनी छाटत नाई काहून?"