दम

कासेवाडीत आमचा दम उगाच लांब नव्हता.
संडासाच्या बोळातून रोज
नाक दाबून, एका श्वासात पलीकडे.
सराव तोच.

यंदा ओव्हाळसरांनी प्रवेश फी ठेवली नाही.
आधी बोळ धुवा, मग चढाई.
झुबेदानं खराटा उचलला, पोरं हसली,
मग तीच बादल्या आणायला पळाली.

फिनेलच्या वासातच फक्कीची रेघ मारली.
पंचांच्या टेबलावर शिट्टी,
शिट्टीशेजारी साबणाची वडी;
हात न धुता रेघ ओलांडली
तर खेळाडू बाद.

फायनलला हरलो. तीन गुणांनी.

रात्री परतताना झुबेदा बोळात मधोमध थांबली,
सवयीनं दाबलेलं नाक सोडलं,
श्वास घेतला, पुन्हा घेतला.
म्हणाली,
आता दम कुठं कमवायचा गं?