दांडे

चोपड्याच्या जिनिंगवाल्या शेठच्या बंगल्यातून
टेम्पोत आडवी घालून खुर्ची आली अमळनेरला.
नातू सुरतेला असतो. फोनवर म्हणाला,
मिस्तरी, घासून नवी करा,
हॉटेलच्या दारात ठेवायची आहे,
लोक फोटो काढतील.

सागवान सातपुड्याचं, रंधा लावला तर अजून वास येतो.
मोठी दोन चाकं, मागे एक छोटं.
वेत तुटून लोंबत होता.
बैठकीत गोल भोक, त्यावर लाकडी झाकण,
खाली पितळी भांड्याची खोबण.
झाकणाची कडी झिजून तार झालेली.
उजव्या हाताची फळी गुळगुळीत,
डावी सुताराकडून आली तशीच.
म्हणजे डावं अंग गेलेलं.
हे मला कुणी सांगितलं नाही.

मागे ढकलायचे दांडे.
पॉलिश खरवडल्यावर दिसलं, दोन्हींना सांधे आहेत.
खाली सागवान,
मग वीतभर शिसव,
मग चार बोटं बाभूळ, घाईत बसवलेली.

आजोबा म्हणायचे, त्या बंगल्यावर
दोन-तीन वर्षांनी एकच काम निघतं.
"पोऱ्या वाढस, खुर्ची थोडीच वाढस."
मला वाटायचं, शेठच्या पोराचं बोलतात.

शेठचं नाव पाठीवर, पितळी पट्टीत.
दुसरं नाव सांधा उकलल्यावर सापडलं,
पेन्सिलीनं, आजोबांच्या तिरक्या अक्षरात:
सायसिंग पावरा, छातीइतके.

सागवानाला दोन खळगे, लहान मुठींचे.
माझी बोटं मावेनात.
गुडघ्यावर बसलो तेव्हा कुठे हात नीट पोचले.
त्या उंचीवरून पुढचा रस्ता दिसत नाही,
नुसती वेताची पाठ,
आणि कुणी बसलं असतं
तर भोकाभोकांतून त्याचा सदरा.

शिसवीला मोठे खळगे. बाभळीला जेमतेम.
बाभळीच्या टोकाला अजून एका सांध्याची खाच
कोरून ठेवलेली आहे.
तुकडा बसवलेला नाही.
कोण आधी गेलं,
खुर्चीतला की खुर्चीमागचा,
आणि मागचा गेला तो डोंगरात परत गेला
की कुठे,
खाचेत बोट फिरवून कळत नाही.

वेत नवा विणला. चाकांना ग्रीस भरलं.
पितळी पट्टी चिंचेनं घासली, नाव वाचता येतं.
बिलात शेवटची ओळ लिहिली:
दांडे, काही केलं नाही, पैसे नाहीत.

नातवाचा फोन आला. ते वेडेवाकडे दिसतात हो,
तेवढे एकसारखे का नाही केले?

म्हटलं, माप दुसऱ्याचं आहे.