पाठकोऱ्या पानांवरचे दोघे

वेंगुर्ल्याच्या एस.टी. स्टँडसमोर,
मठकरांच्या चष्म्याच्या दुकानाला चिकटून
नीलांबरी आरोलकरचं झेरॉक्स.
मशीन म्हातारं, मधूनच काळं शिंकतं.
फुकट गेलेल्या पानाची पाठ
ती टाकून देत नाही.
तिथे दोघे जण राहतात.

मान नाही, कान नाहीत, हाताला बोटं तीन,
पोटावर एक बटण, ते कशाचं हे तिलाही ठाऊक नाही.
कुठून आले, विचारलं तर म्हणते,
"वरसून. सावंतवाडीक गाडी बदलून."

बोलतात मात्र तहसीलदाराच्या नोटिशीसारखं.

अंगणात बांगडे वाळत घातलेत.
मोठा विचारतो,
"हे मृत जलचर पळून जाण्याची शक्यता आहे काय?"
छोटा म्हणतो, "नाही.
तथापि कावळ्यांसाठी एक स्त्री काठीसह नियुक्त आहे."

पेटीत गवत, गवतात हापूस.
"निर्दोष फळे अनोळखी व्यक्तींकडे रवाना झाली."
"आणि डागी?"
"ती आप्तांकरिता. हा प्रेमाचा प्रकार असावा."

दुपारचे दोन. बाजारपेठेची सगळी शटरं खाली.
"संपूर्ण वसाहत आडवी झाली आहे. हल्ला?"
"नाही. कालवण."

हे शेवटचं तिने काचेवर चिकटवलं
तेव्हा मठकर दोन दिवस दुपारचे
खुर्चीत ताठ बसून राहिले,
तिसऱ्या दिवशी पुन्हा आडवे.
आणि बांधावरच्या माडाचं चित्र तर
दोन्ही भाऊ वेगवेगळे येऊन बघून गेले:
"वृक्ष याच्या भूमीत उभा आहे,
नारळ मात्र त्याच्या भूमीत पडतो."
"निकाल?"
"त्यांचे नातू ऐकतील."
दोघंही हसले. तारीख तेवीसला होती.

मी गेलो तो बाबांचा दाखला घेऊन.
"किती व्हयेत?"
पाच. बँकेला एक, विम्याला एक,
सोसायटी, तलाठी,
आणि वीज मंडळाला, कारण बिल अजून
त्यांच्याच नावाने येत होतं
आणि आई ते त्यांच्याच खिशात ठेवत होती.

मशीन शिंकलं. एका पानावर
बाबांच्या नावावरून करडा पट्टा गेला, ओहोटीच्या वाळूसारखा.
तिने ते बाजूला घेतलं, नवं काढलं,
सुटे शोधायला जरा जास्तच वेळ लावला.

तलाठ्यासमोर गठ्ठा सोडला
तर पाचाचे सहा.
त्याने सहावं उलटंसुलटं पाहिलं
आणि सवयीने
पाठीवरसुद्धा शिक्का मारला.

पाठीवर दोघे होते.
मोठा विचारत होता,
"हा मनुष्य नाही, हे सिद्ध करण्यास किती कागद लागतात?"
"पाच."
"आणि तो होता, हे सिद्ध करण्यास?"
छोट्याचा फुगा रिकामा.
पण एरवी अनवाणी फिरणाऱ्या त्याच्या पायात
आज स्लिपर होती,
डाव्या पट्ट्याला अंगठ्याशी सेफ्टीपिन.

ही पिन मी दहा वेळा म्हटलं असेल, काढा, नवीन घ्या.
बाबा म्हणायचे, अजून चलता मां?
वीज बिलाची प्रत काढायला ते इथे यायचे,
रुपयावरून वाद घालायचे,
हे मला माहीत होतं.
ती खाली वाकून त्यांचे पाय बघत होती, हे नव्हतं.

परतताना दुकानात शिरलो.
काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.
विचारलं ते भलतंच: ह्या सहाव्याचे किती?
"खराब पानाचे घेनय नाय,"
ती मशीनच्या पोटात हात घालून म्हणाली.
कोपरापर्यंत काळी झाली होती.

मठकर शेजारी घोरत होते.
सहा चाळीसची गाडी लागली होती.
"येतो," मी म्हटलं
आणि पायरी उतरताना वाटलं,
जाणारा माणूस येतो म्हणाला,
हे मागे कोणीतरी
तीन बोटांत पेन धरून
लिहून घेतंय.