लोडवर

अंगणात शहाणं.
पहिल्या दोरीला चालू,
आवाज असा की भूपालअण्णा कठड्यावरून म्हणाले,
"ह्याला काय झालंय? ठणठणीत हाय की."

हळदीच्या सरीत घातलं,
रोटर काळ्या मातीत चार बोटं बुडाला,
की पंधरा-वीस पावलांवर
धाप, अडखळ, भक् भक्,
गप्प.

पाच मिनिटं बांधावर बसायचं.
मग पुन्हा चालू, जणू मीच काही बोलले नव्हते.
चोक जरासा ओढला की अर्धी सरी जास्त.
हे कुपवाडला शिफ्टवर असलेल्या नवऱ्याला
फोनवर सांगितलं. तो म्हणाला,
"तू जोरात दाबतेस."

दोनदा छोट्या हत्तीत घालून
डिग्रजच्या स्टँडवर दस्तगीर शिकलगाराकडं नेलं.
दुकानात ते दोन्ही वेळा गाणं म्हटल्यासारखं चाललं.
तिसऱ्यांदा त्यानंच शटर ओढलं :
"रिकामं कुणीबी पळतंय, वैनी. रान दाखवा."

आधी प्लग.
काजळी नाही. खडूसारखा पांढरा.
"उपाशी मरतंय हे," म्हणाला.
फिल्टर पेट्रोलात धुतला.
कार्बोरेटर उलगडून जेट उन्हाकडं धरला,
ब्रेकच्या केबलची एक तार त्यातून आरपार घातली.
परत जोडलं. परत सरी.
वीस पावलं.
भक्.

मग तो काहीच बोलला नाही.
बिडी काढली, टाकीकडं बघितलं,
परत खिशात ठेवली.
नळी सोडवून बाटलीत धरली.
पेट्रोल आलं : आधी धार,
मग दोरा,
मग थेंब. थेंब. मग तेही नाही.
टाकी तर गळ्यापर्यंत भरलेली.

त्यानं झाकण पाव फेरा सैल केलं.
स्स्स.
एवढाच आवाज.
बाटलीत परत धार.

झाकणावर मुगाएवढी माती.
कुंभारमाशीनं भोकावरच बुड टेकलं होतं,
नीट, लिंपून, कडा बोटानं पुसल्यासारख्या.
"वरनं वारं जाईना," दस्तगीर म्हणाला,
"तर खालनं कसं उतरंल?
थोडंथोडं झिरपतंय तेवढ्यावर उभ्याउभ्या भागतंय त्याचं.
वझं आलं की बोंब.
पिन द्या बघू."

बांगडीतली सेफ्टी पिन दिली.
माती फुटली. आत एक हिरवी अळी, अर्धमेली,
तिच्या पिलांसाठी ठेवलेली.
त्यानं ती हळदीच्या पानावर सोडली
आणि पाना पुसायला लागला.

"किती झाले?"
"पिन तुमचीच," म्हणाला.
शंभर दिले. पन्नास परत दिले.

दिवेलागणीपर्यंत अकरा सऱ्यांना भर लागली.
रात्री कणीक मळताना बांगडीला पेट्रोलचा वास.
नवरा म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"
काय म्हटलं होतं, ते मी विचारलं नाही.

सकाळी कुंभारमाशी परत आली,
ओल्या मातीची गोळी तोंडात,
टाकीभोवती घिरट्या.
झाकणावर फडकं टाकलं.
चालू करायच्या आधी काढायचं,
असं स्वतःलाच दोनदा बजावलं.