सुसरबाई, आवृत्ती शून्य पूर्णांक सात

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानाच्या वर,
आठ महिने झाले, आम्ही एका मगरीला
हसायला शिकवतोय.

धैवत दात काढतो. म्हणजे, तिचे.
वरचे झाले, खालचे उरलेत.
मी तिची चाल लिहिते:
आधी पुढचा डावा, मग मागचा उजवा,
आणि शेपूट.
शेपूट कुणाचंच ऐकत नाही.
परवा भिंतीतून आरपार गेलं
आणि शेजारणीच्या कढईतली भजी उलटवून आलं.
चूक होती. पण दोघंही इतके हसलो
की ती तशीच ठेवली.

खेळ साधा आहे.
दार वाजतं. दारात सुसरबाई.
रस्ता चुकलीय, पण आलीय पाहुणी म्हणून,
आणि पाहुणीला जा म्हणायचं नाही.
गोड बोलत बोलत तिला विश्वामित्रीपर्यंत पोचवायचं.
वाटेत सिग्नल पाळणारी एक गाय,
स्कूटरच्या डिकीतून पासबुकं पळवणारी माकडं,
व्याजाशिवाय दुसरं काही न बोलणारं गाढव.
‘तुझी पाठ मऊ’ म्हटलंत की दहा गुण.
खरं बोललात की ती तुमची चप्पल खाते.
एकच. डावी.

अहमदाबादहून एक शेठ आले पैसे लावायला.
दोन चहा प्यायले, म्हणाले,
“मगर केम? हाथी राखो. हाथी चाले.”
हत्ती चालतो, खरं आहे.
पण हत्ती आमच्या काळाघोडा पुलाखाली राहत नाही.

मोबाइलवर ती तळहाताएवढी.
बोटानं पाठ कुरवाळा, काच गुळगुळीत,
म्हण आपोआप खरी.
हेडसेटमध्ये मात्र पूर्ण मापाची, साडेआठ फूट.
कौतुकानं हात पुढे करावा
तर तो तिच्यातून पलीकडे जातो
आणि माणूस आपलीच बोटं बघत राहतो.

म्हणून खंडूकाका मान्यांना बोलावलं.
तीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांतून, गॅरेजांतून,
एकदा तर लग्नाच्या मांडवामागून
मगरी उचलून नदीत सोडलेला माणूस.
हेडसेट बांधू लागले तर म्हणाले,
“जरा सैल. डोकं आहे माझं, जबडा नाही.”

दार वाजलं. त्यांच्या एकट्याच्या कानात.
काका गुडघ्यांवर आले, आमच्या सतरंजीवर,
आवाज अगदी खाली:
“ये गं. घाबरलीस होय?”

हे तिला कुणी विचारेल
असं आम्ही कुठे लिहिलंच नव्हतं.
ती नुसती उभी,
दर चार सेकंदांनी पापणी मिटत, उघडत,
कारण दुसरं काही तिला येत नाही.
काकांनी खांद्यावरून नसलेलं गोणपाट काढलं,
नसलेल्या बादलीत बुडवून पिळलं,
तिच्या डोळ्यांवर ठेवलं.
“झाकलं की शांत होते,” म्हणाले.
आणि तसेच बसून राहिले,
स्वतःच्या डोळ्यांवर आमचं काळं खोकं,
श्वास संथ,
खाली रस्त्यावर हॉर्नचा गदारोळ.
धैवत माझ्याकडे बघत होता.
मी पडद्याच्या कोपऱ्यात, गुणांकडे.
शून्य.

खोकं काढून त्यांनी डोळे चोळले.
“झकास आहे. शेपटीला मनातल्या मनात हसलो.
पण पाठ मऊ नसते गं, फणस असतो फणस.
मऊ असतं पोट. ते ती दाखवत नाही.”
जिन्याशी थांबले, चपला चढवल्या.
“आणि चप्पल उजवी खाऊ दे तिला.
माझी नेहमी उजवीच गेली.”

रात्री दोनला मी नवी फाइल उघडली,
नाव दिलं गोणपाट.
“याचे गुण किती?” धैवतनं विचारलं.
म्हटलं, ठरलं नाही अजून.
सध्या एवढंच होतं:
ठेवलं की ती पापणी मिटते
आणि चार सेकंदांनी उघडत नाही.

शेपूट तेवढं हलतं.